मोरीमागचं अळू

"बेसमेंट! दुसरं काय असणार?" सुमित्राबाई म्हणाल्या. "त्या मेल्या बिल्डरनं शेजारी विहीर खणल्यासारखं खणलंय. त्याला म्हणावं, आणखी थोडा खाली जा. शेष बसलाय तिथं, त्यालाच विचार पार्किंगला जागा आहे का."

बोलताना हात थांबत नव्हते. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्या अळूच्या पानांच्या जुड्या बांधत होत्या. भाद्रपद तोंडावर आला होता. मयूर विहारच्या कुमुदताईंना ऋषीच्या भाजीसाठी पानं हवी होती, आणि ती लेकीबरोबर जायची होती.

लेक, मैत्रेयी, उभीच होती. दिल्लीच्या मलकागंजमधलं हे लाल विटांचं घर, हिंदूराव हॉस्पिटलच्या उताराखालचं, तिच्या जन्माआधीपासूनचं. पण आताशा तिला इथं बसवत नसे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खिडकीपासून जमिनीपर्यंत भेग गेली होती, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या उतरल्यासारखी. दार चौकटीला घासत होतं. भेगेवर बाबांनी काचेची एक पट्टी सिमेंटनं चिकटवून ठेवली होती. भालचंद्ररावांची सगळी नोकरी सरकारी क्वार्टर्सची देखभाल करण्यात गेली. तेव्हाची ही रीत. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, निजलेली. तडकली तर भिंत अजून हलतेय.

त्या रविवारी काच तडकली होती.

भालचंद्रराव घराला वळसा घालून मागं गेले. मैत्रेयी त्यांच्या मागोमाग. तिथं, बरोबर त्या कोपऱ्याशी, अळूचं बन माजलं होतं. मोरीचा पाइप खरं तर गटाराला जोडलेला. पण आईनं लग्न होऊन आल्या आल्या तो मध्येच कापून घेतला होता. तांदळाचं धुवण गटारात घालवायचं म्हणजे काय! तिच्या माहेरी, रोह्याला, प्रत्येक घराच्या मोरीमागं अळू असायचं. दिल्लीच्या बाजारात मिळणारी अरवीची पानं तिच्या लेखी रद्दी होती. दिल्लीतल्या कितीतरी मराठी लग्नामुंजींचं फदफदं या कोपऱ्यातून गेलं होतं. मात्र रोह्याच्या घराला जांभ्याचं जोतं होतं. इथं भुसभुशीत माती, आणि तिच्यात विटांचा पाया.

बाबांनी चपलेच्या टोकानं माती दाबली. पाणी वर आलं.

मैत्रेयीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. नको, अशी.

"काय दिसलं हो?" आतून हाक आली.

"बेसमेंटच!" भालचंद्रराव ओरडले. "बिल्कुल बेसमेंट!"

"मग? मी काय म्हणत होते?"

निघताना आईनं पिशवी हातात दिली. "मेट्रोत मांडीवर घे, पायाशी ठेवू नकोस. आणि पुढच्या खेपेला जरा लवकर ये गं, यार. दर वेळी घोड्यावर."

"बघते," मैत्रेयी म्हणाली. तिला उशीर होत होता.

सोमवारी सकाळी चहा गाळता गाळता सुमित्राबाई मटकन खाली बसल्या. हॉस्पिटल उताराच्या वरच होतं, तरी पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

दिवसकार्य झालं. माणसं येत राहिली. सोन्यासारखी बाई, कुणाला दुखावलं नाही, अन्नपूर्णा. मैत्रेयी कप उचलायची, भेगेकडं बघायची, पुन्हा कप उचलायची. इतके दिवस सगळे आईबद्दल चांगलंच बोलत होते, आणि त्या चांगल्या बाईला ती ओळखत नव्हती. ऑफिसात बसलं की घर पडल्याचा भास व्हायचा. घरी आलं की ऑफिसात काही राहिलंय असं वाटायचं. भेगेत आता बोट जात होतं.

तिनं ठेकेदार बोलावला. चौहान नावाचे गृहस्थ, जाडजूड, सतत घाम पुसणारे. त्यांनी स्वयंपाकघरात छताखाली लोखंडी टेकू लावले, मोरीचा पाइप पुन्हा गटाराला जोडला आणि मागं जाऊन आले.

"मैडम, नींव के नीचे कीचड़ है, कीचड़. थोड़ा-थोड़ा खोद के नीचे से कंक्रीट भरेंगे. मकान बच जाएगा. पर पहले ये जंगल साफ़ करना पड़ेगा."

"उसको छोड़ के करो," भालचंद्रराव म्हणाले.

"अंकलजी, उसी के नीचे तो काम है!"

"बग़ल की बेसमेंट की वजह से हुआ है."

"बेसमेंट तो उस तरफ़ है, अंकलजी!"

"फिर भी."

चौहानांनी मैत्रेयीकडं पाहिलं. "सोच लीजिए. कल लेबर ले आता हूँ. बारिश एक भी ज़ोर की आ गई, तो मैं ज़िम्मा नहीं लेता."

"बाबा, माझ्याकडं चला," ती रात्रभर फोनवर म्हणत राहिली.

"इथं काय झालंय?"

"तुम्ही इंजिनीअर आहात!"

"म्हणून तर सांगतोय, बेसमेंट आहे."

सकाळी ती ऑफिसला न जाता तडक मलकागंजला आली. बाबा मागं उभे होते. हातात पातेलं. त्यातलं तांदळाचं पाणी ते अळूच्या मुळाशी ओतत होते, सावकाश, बुंध्याबुंध्याला.

"बाबा!"

ते दचकले नाहीत. "पाइप बंद केलाय ना त्यानं."

"पाया खचतोय आणि तुम्ही स्वतःच्या हातानं–"

"पहिल्यांदा भेग दिसली तेव्हा तू रांगत होतीस," भालचंद्रराव म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं. पण तिला इथं आपलं म्हणावं असं काय होतं? हिंदी यायची नाही. या पानांवर तिनं माणसं जोडली. म्हटलं, दर वर्षी बुजवू थोडी भेग." पातेल्याच्या तळाशी पाणी राहिलं होतं, ते त्यांनी ओतलं नाही. "आता हे उपटलं, की तिनंच घर पाडलं असं होईल. आणि ती भांडायलाही नाही."

फाटकाशी चौहान आले होते. त्यांच्यामागं फावडी घेतलेली दोन माणसं. कुणी आत येईना.

मैत्रेयीनं पातेलं धरलं. बाबांनीही सोडलं नाही.

"आई चुकली होती, बाबा."

त्यांनी वर पाहिलं. या घरात हे वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"हट्टी होती आणि चुकली होती. तुम्हीही चुकलात. असू दे ना! ती असती तर अजून बिल्डरलाच शिव्या देत बसली असती."

भालचंद्ररावांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसल्यासारखा सुरू झाला आणि मध्येच मोडला. मग त्यांची बोटं सैल झाली. फाटकाकडं न बघता त्यांनी हात वर करून माणसांना आत बोलावलं, पूर्वी साइटवर बोलवायचे तसा.

पहिलं फावडं मातीत गेलं. ओल्या मुळांचा वास वर आला. माणसं आपसात हिंदीत बोलत होती, त्यांना मराठी कळत नव्हतं. मैत्रेयीनं बाबांचा दंड धरला. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"मला ती हवीय, बाबा. मला आई हवीय."