लाल चिंधी बांधली तेव्हा

आमच्या शिवणकारखान्यात काम झेपेनासे झाले, की यंत्रावर लाल चिंधी बांधण्याची रीत आहे. मग शेजारचा कारागीर चिंधी बांधणाऱ्याचा शिवायच्या कापडांचा अर्धा गठ्ठा उचलतो. कधी थकत नाही म्हणून मला सगळे ‘पहाड’ म्हणत. त्या अभिमानापायी मी चिंधीला कधी हात लावला नव्हता. परंतु काल हात चालेनात, शिवण दिसेनाशी झाली, तेव्हा मी ती बांधली.

शेजारचा हसून म्हणाला, “काय पहाडराव, आज आमची फिरकी घेताय होय?”

बाकीचेही हसले आणि कामाला लागले. एवढ्या माणसांत मी एकाकी पडलो. अखेरीस सर्व धैर्य एकवटून मी त्याच्यापुढे उभा राहिलो.

“फिरकी नाही, दादा. मला खरंच होत नाहीये.”

त्याने हसू आवरले, माझा अर्धा गठ्ठा उचलला आणि ओशाळून दिवसभर माझ्याकडे पाहिले नाही.