ऊरुको

दाक्षायणीनं कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं आणि आतल्या पंख्यावर जोरात फुंकर मारली. धूळ उडाली नाही, कारण धूळ तिनं कालच साफ केली होती. पंखा आपला सावकाश फिरत होता. बाहेर सोलापूरचा एप्रिल भाजत होता, डब्याचा पत्रा हाताला चटके देत होता, आणि पंख्याला त्याचं काहीच पडलेलं नव्हतं.

आठवडाभर हे असंच चाललं होतं. यंत्र तापायचं आणि मधेच बंद पडायचं. आत तिचं चादरीचं डिझाइन अडकलं होतं, चिंचेच्या कोवळ्या पानांची नक्षी, फिक्या हिरव्यात. आजवर तिनं काढलेली सगळी डिझाइनं मोठ्या दिरांच्या कारखान्यात विणली गेली, त्यांच्याच लेबलखाली. ही एक चादर मात्र घरच्या दोन मागांवर विणायची आणि कोपऱ्यात ‘दाक्षायणी’ असं लेबल लावायचं, असं तिच्या नवऱ्यानं, शिवूनं, कबूल केलं होतं. देवासमोर नाही, जेवता जेवता. पण घास हातात धरून म्हणाला होता. तिला तेवढं पुरलं.

तिनं शुक्रवार पेठेतल्या गुफरानला फोन लावला. कॉम्प्युटर त्याच्याच दुकानातून आणलेला.

"पंखा फिरतोय का, भाभी?"

"फिरतोय की. पण लई हळू. आधी कसला घुरघुर करायचा! बाहेर ओसरीत चादरींना टीप मारत बसले तरी ऐकू यायचा."

"मग पंख्याला बोल लावू नका. तो बिचारा सेन्सर सांगेल तसा फिरतो. एक सेन्सर प्रोसेसरपाशी असतो, एक लांब, बोर्डाच्या कोपऱ्यात. कुणाचं ऐकतोय ते बघा."

तो सांगत गेला तसं ती एकेक खिडकी उघडत गेली. पंखा कोपऱ्यातल्या सेन्सरला जोडलेला निघाला. मधे प्रोसेसर होरपळत होता आणि कोपऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. किती तापल्यावर किती जोरात फिरायचं, याची एक रेघ तिथं आखलेली होती. ती जवळजवळ आडवीच होती. त्या रेघेला कुणीतरी नावही दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत. ऊरुको.

"ही सेटिंग तुमी केलेली का, गुफरानभाई?"

"मी कशाला करू? मशीन मरंल की अशानं. प्रोसेसरचा सेन्सर लावा आधी."

"लावते," ती म्हणाली आणि फोन ठेवून तशीच बसून राहिली.

ऊरुको म्हणजे तेलुगूत गप्प बस, जाऊ दे. या घरात निम्मं बोलणं तेलुगूत चालायचं आणि त्यातला हा शब्द शिवूचा खास लाडका. माग अडला की ऊरुको. ती मोठ्या दिरांबद्दल बोलायला लागली की ऊरुको, दाक्षा. आणि हाच माणूस चारचौघांत सांगायचा की मला खरा उंदीर धरता येत नाही, तर हा तुमचा माऊस कुठला धरता येतोय. सगळे हसायचे. तीही हसायची.

दुपारी शिवू जेवायला बसला तेव्हा तिनं भात वाढता वाढता विचारलं.

"कॉम्प्युटरच्या पंख्याला हात लावला का तुमी?"

"कुठला पंखा?"

"ऊरुको."

त्याचा हात ताटात थांबला. त्यानं एकदा आतल्या खोलीकडं पाहिलं. तिथं कॉम्प्युटर होता आणि त्याच्या शेजारीच त्याच्या आईची, म्हणजे दाक्षायणीच्या अत्तम्माची, सुंदरम्माची खाट होती. मग तो हसला.

"सापडलो म्हण की. अम्मासाठी केलं गं. त्या मशीनच्या आवाजानं तिला दुपारची झोप लागंना. मोबाईलवर बघून बघून शिकलो. थंडीत झ्याक चाललं. उन्हाळ्याचं काय डोक्यात आलं न्हाय बघ."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस, अत्तम्माला माझ्याच कामाचा तरास होतो."

म्हणाली असती, यात शंका नव्हती. दाक्षायणीला स्वतःचीच लाज वाटली. आईच्या झोपेसाठी चोरून माऊस धरायला शिकणारा नवरा आणि आपण सकाळपासून मनात काय काय आणलं! तिनं न विचारताच त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली.

"आज पडणार न्हाय का जरा?" तिनं विचारलं. संक्रांतीपासून तो जेवण झालं की आईच्या खोलीत दार लोटून पडायचा.

"न्हाय. दादानं बोलावलंय."

जाता जाता तो आईच्या खाटेपाशी वाकला, तिच्या कानाशी काही बोलला, हातावर थोपटलं आणि गेला. सुंदरम्मानं कानातलं मशीन काढून सुपारीच्या डबीत ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. रोजचंच होतं ते.

दाक्षायणी कॉम्प्युटरपुढं बसली. कोपऱ्याचा सेन्सर काढून तिनं प्रोसेसरचा लावला. क्षणभर काही झालं नाही. मग पंख्यानं असा काही सूर धरला की टेबलावरची कात्री थरथरायला लागली. ती दचकून खाटेकडं वळली. म्हातारीची झोप मोडली असणार.

सुंदरम्मा शांत घोरत होती.

दाक्षायणी तिच्याकडं बघत राहिली. कानातलं मशीन काढल्यावर अत्तम्माला उशाशी फटाका फुटला तरी कळत नाही. हे तिला ठाऊक होतं, घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताटात आमटी वाढताना तेवढं आठवलं नव्हतं.

तिनं डिझाइनचा प्रोग्रॅम उघडला. मागच्या वेळी यंत्र बंद पडलं तेव्हा एक काम अर्धवट राहिलंय, ते उघडू का, असं त्यानं विचारलं. खाली वेळ होती कालच्या दुपारची. काल दुपारी ती ओसरीत टीप मारत बसली होती. तिनं हो म्हटलं.

चिंचेची पानं आली. तिचीच होती, एक पान तिनं मुद्दाम उलटं वळवलेलं, तेही जागच्या जागी होतं. पण रंग फिका हिरवा नव्हता, मरून होता. विणून तयार झालेली चादर गिऱ्हाइकाला दाखवतात तसं पूर्ण चित्र होतं, आणि असलं चित्र करतानाच यंत्राला धाप लागते. चादरीच्या कोपऱ्यात लेबल होतं. मोठ्या दिरांच्या कारखान्याचं.

तिला आधी राग आला नाही. तो तिचा प्रोग्रॅम बंद दाराआड इतका नीट शिकला होता आणि तिला एकदाही काही विचारावं लागलं नव्हतं, याचंच तिला वाईट वाटलं. मग राग आला. दार लोटलेलं असायचं, पंखा गप्प असायचा. आत दोघं असायची. एक पडद्यापुढं आणि एक खाटेवर, डोळे उघडे ठेवून.

खाट करकरली. सुंदरम्मा उठून बसली होती. तिनं पडद्यावरची मरून चादर पाहिली, मग सुनेचं तोंड पाहिलं. सुपारीची डबी उशाशी बंदच होती.

या वेळेला दाक्षायणी रोज जे विचारायची तेच तिच्या तोंडून निघालं.

"अत्तम्मा, चहा ठेवू का?"

"व्हय गं," सुंदरम्मा लगेच म्हणाली. "मीच सांगितलं त्याला. त्या आवाजानं झोप लागत न्हाय मला."

पंखा घुरघुरत होता. दाक्षायणी उठली. डबी उघडून तिनं मशीन बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि सासूच्या कानात हलक्या हातानं बसवलं. आवाज आत शिरताच म्हातारी दचकली आणि तिनं कानावर हात नेला.

"चहा, अत्तम्मा," दाक्षायणी म्हणाली. "चहा ठेवू का, असं विचारलं मी."