मैना

रखमाजींना लकवा मारला तेव्हापासून त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा. बंड्याला हाक मारताना ते "बं" म्हणत, आणि कुत्रं उठून खाटेपाशी येई. अर्धी भाकरी बंड्याला, अर्धी त्यांना. बंड्या समोर नसला की ते ओठ मिटून बसत, मग बायकोने, मंगलने, कितीही विनवलं तरी घास आत जात नसे.

आणि आता बंड्याच म्हातारा होऊन आजारी पडला. त्याची मूत्रपिंडं गेलीत, औषध फार दिवस पुरायचं नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मंगल मार्गासनीच्या घरी न जाता तशीच नसरापूरला गेली. हायवेच्या अलीकडे बेवारस कुत्र्यांचा निवारा आहे, तिथल्या इरफानला भेटली.

"पिल्लू न्या की, मावशी. पिल्लू लवकर रुळतं," इरफान म्हणाला.

"पिल्लू पायात येईल. ह्यांचा तोल जातो. मला थोराड, शांत कुत्रं दे बाबा. बंड्या हाय तोवर त्याच्यासंगं बसाया लागलं, म्हंजे ह्यांना सवय होईल."

त्याने मैना दाखवली. तोंडावर पांढरी झालेली, एक कान फाटलेला. ती कुणाच्या अंगावर गेली नाही, भुंकलीही नाही. दुसऱ्या दिवशी इरफानने तिला टेम्पोतून घरी आणून सोडलं.

बंड्या एकदा गुरगुरला आणि पुन्हा आडवा झाला. तेवढ्यात रखमाजी काठी टेकत ओट्यावर आले. काठीचा आवाज कानावर पडताच मैना जागच्या जागी मुतली आणि गोठ्यात पळून गव्हाणीखाली शिरली. कुणी कधी काय मारलं होतं तिला, देव जाणे. रखमाजींनी तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

पुढेही तेच. काठी वाजली की मैना गायब. मंगल दूधभात घेऊन गव्हाणीशी बसे, पण ती बाहेर येत नसे. मंगल निजली की तेवढं खाऊन घेई.

एका सकाळी बंड्या खाटेखाली थंड झालेला सापडला. रखमाजींनी त्याच्या अंगावरून हात फिरवला, आणि मग भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दूधही ओठांवरून गळून गेलं. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालावी लागेल म्हणून सांगितलं.

"अवो, माझ्यासाठी तरी खावा," मंगल म्हणाली. "म्या एकटीनं हितं काय करू?"

ते वळले नाहीत.

तिने इरफानला फोन लावला. "मैनेला घिऊन जा. तिचा काय उपेग न्हाई झाला. ह्यांचं उपाशी मरणं न् तिचं भिऊन लपणं, मला आता दोन्ही बघवत न्हाई."

"येतो, मावशी," तो म्हणाला. "पण तिला आता जागा कुठं करू, तेच बघाया लागंल."

वैरण आणायला ती बांधावर गेली. परत आली तर खाट रिकामी. काठी ओट्यावर आडवी पडलेली. मंगलच्या हातातला भारा सुटला.

रखमाजी अंगणात होते. ओट्यावरून कसे उतरले कुणास ठाऊक, चांगल्या हाताने अंग ओढत ते गोठ्याकडे सरकत होते. गुडघा सोलवटला होता. ती धावत गेली, तर त्यांनी तिला कोपराने मागे लोटलं. गव्हाणीसमोर पोचल्यावर त्यांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढला आणि मेलेल्या हाताच्या तळव्यावर ठेवला. चांगला हात जमिनीला टेकवून ते तसेच पडून राहिले.

काठी त्यांनी मुद्दाम सोडली होती. मंगलला ते आत्ता कळलं, आणि ती जिथल्या तिथे खाली बसली.

बराच वेळ काही झालं नाही. मग गव्हाणीखालून नाक दिसलं. मैना पोटावर सरपटत आली, तळवा हुंगला आणि भाकरी उचलली. मग तोच तळवा चाटला. त्या हाताला काही कळत नव्हतं, रखमाजी नुसते डोळ्यांनी बघत होते.

"बं," ते म्हणाले.

मैना थबकली, पण पळाली नाही. मंगलने त्यांच्या खिशात उरलेला भाकरीचा कुटका काढून त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तो घेतला आणि फार वेळ चघळला. दुसरा घास मात्र घेतला नाही.

टेम्पो दाराशी थांबला. इरफान साखळी घेऊन आत आला.

"आधी ह्यांना उचलू लाग," मंगल म्हणाली.

दोघांनी त्यांना खाटेवर नेलं. टेम्पोच्या आवाजाने मैना पुन्हा गव्हाणीखाली गेली होती. इरफानने साखळीकडे पाहिलं.

"मग न्यायची का?"

"न्हाई," ती म्हणाली. "नळीबी उद्या बघू."

तो गेल्यावर तिने डोळे पुसले, रखमाजींच्या गुडघ्याला हळद लावली आणि पीठ मळायला बसली.