करंगळी पोचेना

नात हिरमुसली होती. बॅगपाइप शिकायचा म्हणून सरावाची नळी घ्यायला ती आजोबांबरोबर दुकानात आली होती. तिला ताईसारखी मोठीच नळी हवी होती, पण शेवटच्या भोकापर्यंत करंगळी काही पोचेना.

“आखूड दाखवू?” दुकानातल्या बाईंनी विचारलं.

“ती बाळांची! ताई वर्षभर चिडवेल.”

आयुष्यभर बॅगपाइप वाजवलेले आजोबा हसले. “बयो, तू बासरीसारखी बोटांची टोकं टेकवतेस. बोटं सरळ ठेव आणि मधली पेरं टेकव.”

तिनं तसं केलं. करंगळी अलगद भोकावर बसली! तिनं जोरात फुंकलं, तेव्हा बदक ओरडल्यासारखा आवाज निघाला आणि बाई दचकल्या.

“हीच!” नात म्हणाली. मग ती नळी कागदात गुंडाळायलासुद्धा देईना.