पुढच्या पंधरवड्यातली ताई

स्नायूंच्या आजाराने ताईचा आवाज गेला, आणि आमच्या टीमला अ‍ॅप वापरून बघणारं हक्काचं माणूस मिळालं. ऐकायला कसंतरीच वाटतं ना? मलाही वाटायचं. पण वाचा गेलेल्यांसाठी बोलणारं अ‍ॅप आम्ही करायचं आणि माझ्या सख्ख्या बहिणीने दुसऱ्या कुणाचं वापरायचं? छे!

आमचं काम पंधरवड्या-पंधरवड्याने चालतं. डिझायनर आधी स्क्रीन आखते, पुढच्या पंधरवड्यात मी कोड लिहिते. ती ताईच्या घरी जाऊन तासन्‌तास तिचा हात न्याहाळत बसायची. तिने चांगली ठसठशीत बटणं आखली. मी ती करून नेली, तोवर ताईचा हात मांडीवरून उठेनासा झाला होता. मग एका बोटाने चालेल असं आखलं. ते होईतो बोटही जड पडायला लागलं.

"आपण आजच्या ताईंसाठी आखतोय," डिझायनर स्वयंपाकघरात मला म्हणाली. "पुढच्या पंधरवड्यातल्या ताईंसाठी आखायला हवं. आता काय जाणार, ते त्यांना विचारू या."

माझं डोकंच फिरलं. "तिच्या तोंडावर विचारणार? काही लाज?"

ताईचे कान लहानपणापासून तिखट. आतून तिच्या टॅबचा सपाट आवाज आला, "भांडू नका. विचारा."

मग तिनेच एकेक अक्षर लावत सांगितलं. बोट जाईल. मान जाईल. डोळे बहुतेक राहतील. मला तिच्याकडे बघवेना, मी भिंतीकडे बघत ऐकलं.

तो पंधरवडा आम्ही दोघी ताईच्या पलंगाशेजारीच टेबल लावून बसलो. डिझायनरने कागदावर आखायचं, मी तिथल्या तिथे करायचं, ताईने पापणी मिटून बघायचं. सुरुवातीला पापणी टिपणाऱ्या टॅबच्या कॅमेऱ्याचा नुसता गोंधळ. ताईला शिंक आली, डोळे मिटले, तर भलतंच बटण लागून टॅब माझ्यावर खेकसला, "गप्प बस!" ताईचे डोळे हसले. बोटाने तिने लिहिलं, "हे बटण ठेवा. धाकटीसाठी लागेल."

बोट थांबलं त्या सकाळी मी धावतच गेले. स्क्रीनवर अक्षरं सरकत होती, हवं ते आलं की ताई पापणी मिटत होती. पापणीने बोललेलं तिचं पहिलं वाक्य होतं, "खाल्लंस का काही?" मी हमसून हमसून रडले. या खेपेला आम्ही वेळेत पोचलो होतो.

डिझायनरने कोरं कार्ड काढलं. पुढचं काम त्यावर लिहायचं असतं. पेन हातात धरून ती नुसती बसली. पापणीनंतर काय, हे तिच्याने विचारवेना. बहीण माझी, मग मीच विचारलं.

उत्तराला फार वेळ लागला. "मग काही बनवू नका. तू रोज येऊन बस. बडबड कर. मी ऐकेन."

डिझायनरने ते जसंच्या तसं कार्डावर उतरवलं, आणि काम कोणाकडे, त्या रकान्यात माझं नाव लिहिलं.