गालात भरलेली जेली

मी एक जुनी जेली आहे. मित्रांनो, खाऊची नव्हे. तोंडाला पाणी सुटलं असेल तर गिळून टाका. बसके गाल फुगवायला सुईने जी भरतात, ती मी. लोक मला फिलर म्हणतात. शाळेतल्या एका बाईंच्या गालांत मी राहते आणि खरं सांगू? मला माझीच शिसारी येते.

कारखान्यातून मी आले ती एका पार्लरच्या फ्रिजमध्ये, शिळ्या भाजीच्या डब्याला चिकटून. पार्लरवाली डॉक्टर नव्हती, पण जिभेवर साखर! "बाई, कॉलेजातल्या दिसाल," म्हणत तिने मला टोचलं. काही वर्षं नुसतं कौतुक झालं. "काय हो, तोंडाला लावता तरी काय?" असं सगळ्याजणी विचारत. बाई म्हणायच्या, "काही नाही, पाणी भरपूर पिते."

मग शरीराला माझा वास लागला. त्याचे पहारेकरी मला हुसकायला आले. मी ढिम्म हलेना, तेव्हा ते पिसाळून बाईंच्याच कातडीवर उठले. गालांत गाठी आल्या, हातापायांवर लाल चट्टे उठले, पापुद्रे गळायला लागले. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडत. शी!

डॉक्टरांनी विचारलं, "चेहऱ्यावर कधी काही करून घेतलंय?" शेजारी लेक उभी. बाई म्हणाल्या, "छे हो! असले थेर मी नाही करत." इतकं धडधडीत खोटं! मलमं बदलत राहिली आणि चट्टे पसरत राहिले.

एकदा लेक म्हणाली, "आई, लग्नाआधी मी गाल भरून घेतेय. आपल्या पार्लरवालीकडेच. उद्या जाते."

"काही नको!"

"तुला काय कळतंय गं त्यातलं? तू कधी केलंयस?"

बाईंनी लेकीचा हात ओढून गालावरच्या गाठीवर ठेवला. "दाब. तिनेच भरलंय हे."

लेकीने चटका बसावा तसा हात मागे घेतला. मग आईच्या गळ्यात पडून ती रडली. दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या, पण पार्लरमध्ये नाही, डॉक्टरांकडे. सगळं ऐकून ते म्हणाले, "अहो, आधी का नाही सांगितलंत? काहीजणांना होतं असं. आता औषध बदलू आणि ही जेली निघेल तेवढी काढू."

म्हणजे मित्रांनो, थोडी मी उरणारच. लेकीचे गाल मात्र बसके, पण तिचे स्वतःचे राहिले. तुम्हीही आपले गाल जपा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं बोला. लाज गेली तर जाऊ दे, कातडी जायला नको.