बारा पंचकोनांचं हिम्मेली

"एवढ्याशा काडीतून दोन-दोनदा दोरा घालायचा, आणि मास्तर म्हणतात, पोरांना भूमिती दाखवा. माझे डोळे कोण भरून देणार?" चर्चमधल्या कॉफीच्या रांगेत साइमी पुटपुटत होती.

मागेच उभ्या असलेल्या तिच्या थोरल्या बहिणीला, इम्पीला, सगळं ऐकू आलं. तक्रार कसली, मिरवणं होतं ते.

गव्हाच्याच भावकीतलं राय हे धान्य. त्याच्या पोकळ काड्या दोऱ्यात ओवून हिम्मेली, म्हणजे झुंबरासारखं शोभेचं तोरण करायचं आणि नाताळात जेवणाच्या टेबलावर टांगायचं. चर्चच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं इम्पीचंच टांगलं जाई. साइमी हे तिच्याच हाताखाली शिकली. यंदा मात्र शाळेत आकार दाखवायला गणिताच्या मास्तरांनी बोलावलं ते साइमीला. आणि दिवाणखाना सांभाळणारी केर्तू म्हणाली, "इम्पी, दोघींचीही आणा, मग ठरवू." इम्पीच्या हिम्मेलीबद्दल आजवर ठरवायला काही नसायचं.

घरी तिने काड्या भिजत घातल्या. टेबल भरलं, तिचा नवरा ओइवा खिडकीशी उभ्याने लापशी खाऊ लागला.

"तुझं नेहमीचं त्रिकोणांचं कर की. डोळे झाकून करतेस."

"साइमीच्यात वीस त्रिकोण आहेत. मी पंचकोन करणार. बारा."

"बरं," म्हणून त्याने वाटी चाटली.

मोठा फुगा फुगवून इम्पीने त्याच्याभोवती काड्या बांधल्या. असं गोल, असं देखणं झालं की रात्री उठून दोनदा बघून आली. नाताळच्या आदल्या रविवारी चर्चच्या दिवाणखान्यात ते टांगलं आणि सुईने फुगा फोडला.

हिम्मेलीने मान टाकली. मग कंबर. शेवटी म्हाताऱ्या गाईच्या कासेसारखं लोंबू लागलं. बाजूला साइमीचं ताठ, आपल्याच नादात संथ फिरत होतं. काड्यांचा त्रिकोण जागचा हलत नाही, बाकी सगळं कलतं, हे साइमीला लहानपणी शिकवलं होतं कुणी? इम्पीनेच.

"काड्या ओल्या असतील," केर्तू म्हणाली.

"दोरा हलका निघाला," ओइवा म्हणाला.

"इथे उकडतंय ना ताई, त्यानं होतं असं," म्हणत साइमी खुर्चीवर चढली. पंचकोनात आडव्या काड्या बसवून ते सावरायला तिने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," इम्पी म्हणाली. "काड्या वाळलेल्या आहेत. दोरा चांगला आहे. ही माझ्यापेक्षा चांगलं बांधते, एवढं एकाच्याही तोंडून निघत नाही का?"